दाढेचे दुखणे आणि खिशाचे दुखणे

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेत शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर वेतन आयोग आहे, पेन्शन आहे, रिक्त जागा आहेत. त्यांच्या खाली ‘दातांच्या उपचाराचा खर्च’ असा विषय पाहून मागच्या रांगेतले काही जण हसले. हसू द्या. हसताना दात दिसतात, आणि आम्हाला जे दिसले त्यावरून हा विषय घेतला हे बरेच झाले असे वाटते.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण तीस वर्षे कामगारांचे अर्ज लिहिले, क्लेम भरले, परत आलेले क्लेम पुन्हा भरले. त्या अनुभवावर चार गोष्टी सांगणार आहोत. सुरुवात दुसऱ्या कोणाच्या चुकीपासून करण्याऐवजी आमच्याच चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी आमची डावीकडची खालची दाढ दुखू लागली. आधी गार पाणी लागले की ठणका, मग गरम चहा घेतला की ठणका, मग काही न करताही. आम्ही लवंग दाबली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. असे चार महिने काढले. एका रात्री गाल सुजला. सकाळी घरच्यांनी बाजारातल्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथे तपासून सांगितले की एक नाही, तीन दाढा किडल्या आहेत. तिन्हींचे रूट कॅनॉल आणि वर टोप्या. खर्च सत्तावीस हजार. एकदम नसतील तर हप्ते बांधून मिळतील. दुखत असताना माणूस भाव करत नाही. आम्ही हो म्हटले आणि सोसायटीचे कर्ज काढले.

मग बिल घेऊन क्लेम टाकला. महिन्याने कागद परत आला. त्यावर दोनच ओळी होत्या. रेल्वे डॉक्टरांचे रेफरल नाही. तातडीची स्थिती होती असे कागदावरून दिसत नाही. सबब नामंजूर.

बंधूंनो, विभागीय रेल्वे रुग्णालय आमच्या क्वार्टरपासून अकरा किलोमीटरवर आहे. तेथे दातांचे डॉक्टर बसतात. वर्षानुवर्षे दुसऱ्यांना ‘आधी रेल्वे डॉक्टरला दाखवा’ असे सांगणारे आम्ही, स्वतःची दाढ दुखली तेव्हा ते विसरलो. क्लेम परत पाठवणाऱ्या क्लार्कला आम्ही मनातल्या मनात खूप बोललो. पण नियमाप्रमाणे त्याचे बरोबर होते.

त्यानंतर आम्ही शाखेच्या खोलीत सहज विचारायला सुरुवात केली, की बाबांनो, दातांवर कोणी खिशातून पैसे घातले आहेत का? दहा-बारा जण लगेच पुढे आले. कोणी बायकोचे दागिने गहाण ठेवले होते, कोणी पी.एफ. मधून काढले होते. एका पॉइंट्समनने तर दाढ भरण्याऐवजी काढूनच टाकली होती, कारण काढायला पैसे कमी लागतात. आणि त्यातल्या बहुतेकांना आपला हक्क काय आहे हे ठाऊकच नव्हते. म्हणून हे भाषण.

दात विम्यात का बसत नाही?

बरेच जण विचारतात, ‘मेडिक्लेम काढला आहे, त्यात दात बसेल ना?’ उत्तर असे की साधारणपणे बसत नाही.

आपल्या देशात मेडिक्लेम ही पॉलिसी १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी सुरू केली. तिची मूळ कल्पना रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाची आहे. माणूस किमान चोवीस तास दाखल झाला तर खर्च मिळणार. पुढे मोतीबिंदूसारख्या काही उपचारांना त्यातून सूट मिळाली. पण दाढ भरायला कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. खुर्चीत बसतो, अर्धा तास तोंड उघडतो आणि घरी जातो. याला बाह्यरुग्ण उपचार म्हणतात. शिवाय बहुतेक पॉलिसींत स्पष्ट लिहिलेले असते की दातांचा उपचार वगळला आहे. अपघातात जबड्याला मार लागला आणि दाखल व्हावे लागले तरच तो मिळेल. २०२० च्या एप्रिलपासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘आरोग्य संजीवनी’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व कंपन्यांना विकायला लावली. तिच्यात आजाराने किंवा इजेने लागणाऱ्या दंतोपचाराचा उल्लेख आहे. पण तोही रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चात.

विमा कंपन्या असे का करतात? विमा हा अनिश्चित संकटाचा असतो. हजार घरांतून एखाद्या घराला आग लागते, म्हणून हजारांच्या थोड्या थोड्या पैशांतून एकाचे नुकसान भरून निघते. पण दातांचे तसे नाही. हजार माणसांतून बहुतेकांना कधी ना कधी दातांचा त्रास होणारच. जे सर्वांनाच होणार त्याचा विमा उतरवायचा, तर कंपनी प्रत्येकाकडून जवळजवळ पूर्ण खर्चच हप्त्यात वसूल करील, वर आपला नफा लावील.

आता काही कंपन्या बाह्यरुग्ण उपचाराचे जोडकलम देतात आणि त्यात दात येतात. ते घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा, जोडकलमाचा जादा हप्ता वर्षाला ३,५०० रुपये आहे आणि मिळणारी कमाल रक्कम ५,००० रुपये आहे. म्हणजे तुम्ही पूर्ण रक्कम वापरली तरी फायदा १,५०० चा. न वापरली तर ३,५०० गेले. त्यातही सुरुवातीचा प्रतीक्षा काळ असतो, ठराविक दवाखानेच चालतात, आणि कवळी किंवा टोपी चालत नाही असे बारीक अक्षरात असू शकते. म्हणून चार प्रश्न विचारायचे: वर्षाची कमाल मर्यादा किती? प्रतीक्षा किती महिने? कोणते उपचार वगळले आहेत? पैसे दवाखान्याला परस्पर जाणार की आधी आपण भरायचे? उत्तरे तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या कागदावर दाखवा म्हणा. कागद हातात आल्यावर पसंत पडला नाही, तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते.

आणखी एक सावधगिरी. काही ठिकाणी ‘डेंटल प्लॅन’ किंवा ‘डेंटल कार्ड’ म्हणून एक चीज विकतात. वर्षाला अमुक पैसे भरा आणि आमच्या दवाखान्यांत बिलावर सूट मिळवा. हा विमा नव्हे, ही सवलतीची वर्गणी आहे. त्यात कोणी तुमचा खर्च भरत नाही. बिल तुमचेच, फक्त थोडे कमी. विमा असेल तर कागदावर विमा कंपनीचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, आणि तक्रार कंपनीने ऐकली नाही तर विमा लोकपालाकडे फी न भरता दाद मागता येते. सवलतीच्या कार्डाला यातले काहीच नाही.

रेल्वे कामगारांनी काय करावे

बंधूंनो, आपण बाजारात विमा शोधत फिरतो, पण आपल्या नोकरीतच उपचाराचा हक्क आहे. तो आपल्या मागच्या पिढ्यांनी लढून टिकवलेला आहे.

रेल्वे कामगाराला आणि त्याच्या अवलंबितांना रेल्वेच्या आरोग्य सेवेतून उपचार मिळतो. दातही त्यात आहेत. मोठ्या रुग्णालयांत, उदाहरणार्थ भायखळ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक रुग्णालय किंवा मुंबई सेंट्रलचे जगजीवन राम रुग्णालय, तसेच विभागीय रुग्णालयांत दंतविभाग किंवा ठरावीक दिवशी येणारे दंतचिकित्सक असतात. छोट्या हेल्थ युनिटमध्ये नसतात. मग करायचे काय?

पहिली गोष्ट, आपल्या हेल्थ युनिटच्या डॉक्टरला दाखवायचे आणि वैद्यकीय कार्डावर नोंद करून घ्यायची. ‘दाढ दुखते’ एवढे दोन शब्द जरी लिहिले गेले तरी ती तारीख तुमच्या बाजूची साक्षीदार होते. दुसरी गोष्ट, तेथून विभागीय रुग्णालयाचे रेफरल घ्यायचे. बाहेरगावी जायचे तर उपचारासाठी विशेष पासची तरतूद आहे, तो मागायचा. लाजायचे नाही. तिसरी गोष्ट, विभागीय रुग्णालयात होत नसेल तर पुढच्या रुग्णालयाचे रेफरल तेथूनच घ्यायचे, लेखी. रेफरलशिवाय बाहेर गेलात तर आमच्यासारखे व्हाल.

तातडीचे प्रसंग वेगळे. रात्री जबड्यात पू होऊन ताप चढला, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, अपघात झाला, तर जवळच्या रुग्णालयात ताबडतोब जायचे. जीव आधी, कागद नंतर. पण नंतरचा कागद विसरायचा नाही. रेल्वे डॉक्टरला शक्य तितक्या लवकर कळवायचे आणि तेथल्या डॉक्टरकडून ‘स्थिती तातडीची होती’ असे लिहून घ्यायचे. त्या एका वाक्यावर क्लेम उभा राहतो किंवा पडतो.

रनिंग स्टाफला एक खास विनंती. दाढेच्या ठणक्याने रात्रभर जागलेला लोको पायलट गोळी खाऊन इंजिनवर चढतो, हे आम्ही पाहिलेले आहे. ‘दाताचे कसले सिक घ्यायचे, साहेब हसतील’ म्हणतो. भाऊ, सिग्नल चुकला तर कोणी हसणार नाही. दाताचे दुखणे हेही दुखणेच आहे. डॉक्टरला दाखवा, आणि कोणी सिक नोंदवायला नकार दिला तर शाखेकडे या.

टपाल कामगारांनी काय करावे

टपाल खात्याच्या नियमित कर्मचाऱ्यांचे दोन गट आहेत. मुंबई, पुणे, नागपूर अशा ज्या शहरांत केंद्र सरकारची आरोग्य योजना, म्हणजे सी.जी.एच.एस., आहे तेथे कर्मचारी वर्गणी भरून तिचे लाभार्थी होतात. २०१७ पासून पहिल्या पाच वेतनस्तरांसाठी ती वर्गणी महिना २५० रुपये आहे. पगारातून कापली जाते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण वर्षाचे ३,००० रुपये आपण आधीच भरलेले असतात! मग दाढेसाठी थेट खाजगी दवाखान्यात जाऊन दुसऱ्यांदा पैसे का भरायचे? वेलनेस सेंटरमध्ये दाखवा, तेथून सरकारी किंवा योजनेच्या यादीवरील दंतरुग्णालयात पाठवतील. ठरलेल्या दराच्या वर कोणी मागितले तर पावती घ्या आणि तक्रार करा.

जेथे सी.जी.एच.एस. नाही, तेथे १९४४ चे केंद्रीय सेवा वैद्यकीय परिचर्या नियम लागू होतात. गावोगावचे पोस्टमन, उपडाकघरांतील सहायक, आर.एम.एस. चे सॉर्टर या नियमाखाली येतात. पूर्वापार एक समज आहे की या नियमांत दात बसत नाही. तो समज चुकीचा आहे. दाढ काढणे, भरणे, रूट कॅनॉल, दात साफ करणे आणि हिरड्यांचा उपचार, अडकलेली अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढणे, जबड्याच्या हाडाचे आजार, हे सर्व त्यात येते. कवळीचा खर्च मात्र हे नियम देत नाहीत. तेव्हा अधिकृत वैद्यकीय परिचारकाचा लेखी सल्ला घ्या, सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घ्या, प्रत्येक पावती जपा, आवश्यकता प्रमाणपत्रावर सही-शिक्का घ्या आणि मुदतीच्या आत क्लेम द्या. पोस्टमन दुसऱ्याचे रजिस्टर पत्र पावती घेतल्याशिवाय देत नाही. स्वतःच्या दाढेच्या बाबतीतही तोच नियम पाळायचा.

निवृत्त बांधवांचे एक हजार रुपये

आता पांढऱ्या केसांच्या मंडळींकडे येतो. दातांचा सर्वांत मोठा खर्च निवृत्तीनंतर येतो आणि नेमका तेव्हाच हक्क आकसतो.

निवृत्त झाल्यावर बाह्यरुग्ण सेवा घ्यायची की महिन्याचा ठोक वैद्यकीय भत्ता घ्यायचा, असा पर्याय पुष्कळांपुढे येतो. १ जुलै २०१७ पासून हा भत्ता महिना १,००० रुपये आहे. रेल्वे पेन्शनर असेल आणि जवळच्या रेल्वे रुग्णालयापासून किंवा हेल्थ युनिटपासून अडीच किलोमीटरपलीकडे राहत असेल, तर त्याला तो मागता येतो. पण त्याच्या बदल्यात बाह्यरुग्ण उपचाराचा हक्क सोडावा लागतो. आणि आपण आताच पाहिले की दाढ म्हणजे बाह्यरुग्ण उपचार. म्हणजे भत्त्याच्या फॉर्मवर सही करताना माणूस, न कळत, आपल्या सगळ्या दातांचा हिशेब महिना हजार रुपयांत मिटवतो. त्यातच रक्तदाबाची गोळी, त्यातच मधुमेहाची गोळी आणि त्यातच कवळी.

भत्ता घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. गावाकडे शेतावर राहणाऱ्याला, जेथून रुग्णालय पन्नास किलोमीटरवर आहे, त्याला भत्ताच बरा. पण सही करण्याआधी तोंड उघडून आरशात बघा. दोन-तीन दाढा कामाला आल्या असतील तर त्या नोकरीत असतानाच करून घ्या. निवृत्तीच्या शेवटच्या वर्षात माणूस फंडाचे, ग्रॅच्युइटीचे कागद जुळवतो. त्या यादीत दातांची तपासणी घाला. रेल्वेवाल्यांनी आर.ई.एल.एच.एस. ची एकरकमी वर्गणी भरून कार्ड चालू ठेवायला विसरू नये. टपालवाल्यांनी ध्यानात ठेवावे की १९४४ चे नियम पेन्शनरला लागू नाहीत, पेन्शनरने सी.जी.एच.एस. चे कार्ड काढायचे असते, जवळच्या शहरातून का होईना.

ज्यांना काहीच नाही, त्यांचे काय?

बंधूंनो, इथपर्यंत बोललो ते आपल्यासारख्या कायम नोकरीवाल्यांचे. आता त्यांच्याविषयी बोलतो जे आपल्याच बरोबर काम करतात, पण ज्यांच्याकडे कार्ड नाही.

आमच्या ओळखीच्या एक ग्रामीण डाक सेविका आहेत. तीन गावांची डाक सायकलवर नेतात. लोकांची सुकन्या खाती उघडतात, विम्याचे हप्ते गोळा करतात. त्यांनी आम्हाला विचारले, ‘दादा, मी दुसऱ्यांचा विमा गोळा करते, माझ्या दाढेचे काय?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण नियमित कर्मचाऱ्यांना लागू असलेले परिचर्या नियम किंवा सी.जी.एच.एस. डाक सेवकांना लागू नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तोंडाच्या कर्करोगासारख्या मोठ्या आजाराला तिचा आधार आहे; पण ती रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांची योजना आहे. साधी किडलेली दाढ तिच्यातही बसत नाही.

दुसरे, ठेकेदाराकडचे कामगार. प्लॅटफॉर्म झाडणारे, डबे धुणारे, पार्सल उचलणारे. महिना २१,००० रुपयांपर्यंत मजुरी असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ई.एस.आय., लागू आहे. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. या योजनेतून कामगाराला आणि कुटुंबाला उपचार मिळतो, दातांचासुद्धा. कामगाराच्या मजुरीतून पाऊण टक्का कापला जातो आणि मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. पण कित्येकांना आपला ई.एस.आय. नंबरच माहीत नसतो. आम्ही आमच्या शाखेत एक काम सुरू केले आहे. सफाई कामगाराला भेटायचे, त्याचा नंबर आहे का विचारायचे, नसेल तर ठेकेदाराला विचारायचे आणि त्यानेही दाद दिली नाही तर प्रशासनाला पत्र द्यायचे. प्रत्येक शाखेने हे करावे. मुख्य मालक रेल्वे आहे, तिला हात झटकता येणार नाहीत.

खाजगीत जायचेच झाले तर

कधी कधी इलाज नसतो. अशा वेळी तीन गोष्टी पाळा.

पहिली, खर्चाचा अंदाज लेखी घ्या. कोणत्या दाताला काय करणार, किती बैठका, टोपी कशाची, प्रत्येकाचे किती. दुसरी, ‘आज काय केलेच पाहिजे आणि काय सहा महिने थांबू शकते?’ हा प्रश्न विचारा. चांगला डॉक्टर सरळ उत्तर देतो. आमच्या तीन दाढांपैकी दोन नुसत्या भरून चालल्या असत्या, असे नंतर रेल्वेच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितले. तिसरी, हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी व्याज आणि इतर आकार धरून एकूण किती जाणार ते विचारा. आपल्या पतसंस्थेचे कर्ज पुष्कळदा त्याहून स्वस्त पडते.

आणि सरकारी दंत महाविद्यालये विसरू नका. तेथे शिकणारी मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, दोन-तीन खेपा होतात, पण खर्च खाजगीच्या मानाने फारच थोडा. मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. नायर दंत रुग्णालय मुंबई सेंट्रलजवळ आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही सरकारी महाविद्यालये आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. आपले मराठी बांधव बंगालमध्ये नोकरीला असतील तर डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय सियालदह स्थानकाजवळच आहे. १९२० साली सुरू झालेले हे देशातले पहिले दंत महाविद्यालय. दिल्लीत मौलाना आझाद दंत विज्ञान संस्था आहे. इटारसी, सिकंदराबाद, हुबळी, सुरत, जेथे असाल तेथे जवळचे सरकारी दंत महाविद्यालय कोठे आहे ते शाखेच्या फलकावर लिहून ठेवा.

स्वतःचा छोटा विमा स्वतःच करता येतो. पोस्टाचे आवर्ती ठेव खाते महिना १०० रुपयांपासून उघडते. महिना ३०० टाकले तर पाच वर्षांत १८,००० मुद्दल आणि वर व्याज. बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळते. दाढ दुखली नाही तर पैसे तुमचेच. कोणती विमा कंपनी असे म्हणेल?

सर्वांत स्वस्त इलाज

आता थोडे कडू बोलतो. दात एका दिवसात किडत नाही. आधी बारीक काळा ठिपका येतो. तेव्हा गेलात तर सिमेंट भरून काम भागते. थांबलात तर कीड नसेपर्यंत जाते, मग रूट कॅनॉल आणि टोपी. आणखी थांबलात तर दाढ काढायची, मग खोटी बसवायची. प्रत्येक पायरीला खर्च काही पटींनी वाढतो. गँगमनला हे समजावून सांगायला नको. फिशप्लेटचा एक बोल्ट ढिला दिसला तर तो त्याच दिवशी आवळतो. रूळ तुटायची वाट पाहत नाही. तोच माणूस आपल्या दाताच्या बाबतीत मात्र गाडी घसरेपर्यंत थांबतो.

लेकरांकडे बघा. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक दाढ येते. आईबाप समजतात दुधाची आहे, पडेल. ती पडत नाही, ती आयुष्यभराची असते. ती किडलेली दिसली तर लगेच दाखवा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हिरड्यांतून रक्त येते का हे पाहावे. साखर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात.

आणि तंबाखू. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तोंडात बार भरायचा, ही आपल्या लाइनवरची जुनी सवय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. घरात बायका मशेरी लावतात. आमच्या सेक्शनमधला एक कीमन असाच. तिखट लागेना, तोंड पुरते उघडेना. आम्ही म्हटले, तीन बोटे उभी धरून तोंडात घाल. दोनच गेली. त्याला त्याच आठवड्यात रेफरल काढून पाठवले. वेळेत गेला, तंबाखू सुटली, आज कामावर आहे. तुम्हीही घरी जाऊन तीन बोटांची ही परीक्षा करा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, न उघडणारा जबडा, यांपैकी काही असेल तर पैशाचा विचार न करता डॉक्टर गाठा.

दात हा युनियनचा विषय आहे

कोणी म्हणेल, सचिवसाहेब, हे आरोग्य खात्याचे काम, युनियनचे काय? त्याला दोन उदाहरणे देतो.

१९५४ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने कल्याण निधीतून आपल्या मुलांच्या दातांचा खर्च भागवावा म्हणून तेथल्या दंतवैद्यांच्या संघटनांशी बोलणी केली. त्यातून त्या देशात दातांच्या सामुदायिक विम्याची वाट तयार झाली. ओझी उचलणाऱ्या कामगारांनी ती पाडली. दुसरे, इंग्लंड. १९४८ मध्ये तेथे सर्वांसाठी मोफत आरोग्य सेवा सुरू झाली, कवळीसुद्धा मोफत. १९५१ मध्ये सरकारने कवळी आणि चष्म्यावर आकार बसवायचे ठरवले, तेव्हा ती सेवा उभी करणारे अन्युरिन बेव्हन, जे पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरलेले होते, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस वेडा नव्हता. गरिबाच्या तोंडावर आकार बसला की हळूहळू सगळ्यावर बसतो, हे तो जाणत होता.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक विभागीय रुग्णालयात दंतचिकित्सकाची जागा भरलेली असावी. हेल्थ युनिटमध्ये ठरावीक दिवशी दंतचिकित्सक यावा आणि त्या दिवसाचा फलक लागावा. नियतकालिक वैद्यकीय तपासणीत डोळ्यांबरोबर तोंडही तपासावे. कवळीचा खर्च परिचर्या नियमांत यावा. पेन्शनरांचा २०१७ पासूनचा एक हजाराचा भत्ता वाढावा. ग्रामीण डाक सेवकांना नियमित कर्मचाऱ्यांप्रमाणे वैद्यकीय संरक्षण मिळावे.

पण मागणी करणाऱ्याने आधी जे आहे ते वापरले पाहिजे. दंतविभागाची खुर्ची रिकामी राहिली की प्रशासन म्हणते, रुग्णच येत नाहीत, जागा कशाला भरायची? आपण खाजगीत जाऊन रांगा लावतो आणि आपलीच जागा रद्द व्हायला कारण देतो. तेव्हा येत्या महिन्यात प्रत्येकाने, दुखो न दुखो, एकदा जाऊन दात दाखवायचे आणि कार्डावर नोंद करून आणायची. रजिस्टरवर नावे वाढू द्या. पुढच्या बैठकीत ते रजिस्टर आपण टेबलावर ठेवू.

आमच्या सोसायटीच्या कर्जाचे अजून सात हप्ते राहिले आहेत. दर महिन्याला पगारपत्रकावर तो आकडा दिसला की डावी दाढ आठवते. तुमच्या पगारपत्रकावर तो आकडा येऊ नये, एवढ्यासाठी इतका वेळ घेतला. सभेनंतर ज्यांचे क्लेम अडकले आहेत त्यांनी कागद घेऊन आमच्याजवळ यावे. मूळ पावती देऊ नका, झेरॉक्स आणा.

कामगार एकजुटीचा विजय असो!